बटण तेवढं ह्यांचं

तुम्हाला खोटं वाटेल, पण एक्सेलची फाईल म्हणजे एक गाठोडं असतं. तिच्या नावाच्या शेवटचं शेपूट काढून तिथं झिप असं लिहिलं की गाठोडं सुटतं आणि आत कप्पेच कप्पे दिसतात. एका कप्प्यात आकडे, एकात रंग नि रेघा, एकात नुसती नावं. आणि मॅक्रोवाली, म्हणजे आपोआप कामं उरकणारी फाईल असेल तर आणखी एक बारकी फाईल असते, उघडली तर काही म्हणजे काही वाचता येत नाही. बटण दाबल्यावर जे काही घडतं ते सगळं त्या बारक्या फाईलमध्ये बसलेलं असतं. ती जशीच्या तशी उचलायची आणि नव्या गाठोड्यात ठेवायची. मी तिला विरजण म्हणते. दूध तुम्ही लिटरभर घ्या नाही तर पातेलंभर, पण कालच्या दह्यातलं चमचाभर घातल्याशिवाय आजचं दही लागत नाही. आमचं विरजण आमच्या ह्यांनी लावलेलं होतं.

हे अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. मायक्रोमीटर घेऊन मापं घ्यायची, चुकलेला माल बाजूला काढायचा. आयुष्यभर तेच. घरी भाकरी वाढली तरी आधी कडेकडेनं बघायचे, मी म्हणायची, "अहो, पास करा आता, गार होतेय." रिटायर झाल्यावर महिनाभर गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्या रिक्षा बघितल्या. मग एका छोट्या वर्कशॉपच्या मालकानं काम दिलं. तो गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवून मोठ्या कंपनीला देतो. माल जातो तेव्हा मापांचा रिपोर्ट बरोबर द्यावा लागतो, एक्सेलमध्ये, कंपनीनं सांगितलेल्या ढंगात. एकेका पार्टाला एकेक पान, त्यावर ढीगभर रीडिंगं, आणि पहिल्या पानावर एक बटण. बटण दाबलं की मॅक्रो सगळी पानं फिरून येते, मापात न बसणारं रीडिंग लाल करते आणि पहिल्या पानावर गोषवारा मांडते. कंपनीतले लोकसुद्धा त्यांच्याकडे चारदोन तुकडे मोजून त्यात आकडे भरतात नि बटण दाबून बघतात. म्हणून बटण आतच लागतं, नुसते आकडे रंगवून दिलेले चालत नाहीत.

ती मॅक्रो ह्यांनी लिहिली. कुठं क्लास नाही, काही नाही. मालक त्यांना काका म्हणायचा आणि मला काकू. फोनवर म्हणायचा, "काका, तुमच्या बटणाला तोड नाही हो!" हे फोन ठेवायचे आणि उगाच मला चहा टाकायला सांगायचे. चहा प्यायचा नसायचा, ऐकवायचं असायचं. "ऐकलंस का, तोड नाही म्हणतो." "ऐकलं हो, सगळ्या सिडको कॉलनीनं ऐकलं."

मग विसरणं सुरू झालं. सुरुवात चष्म्याकिल्ल्यांनीच होते, ते सांगत बसत नाही. मला कळलं ते वेगळ्या गोष्टीनं. एका सकाळी एकाच पार्टाचं पान तीनदा बनवलेलं दिसलं, आणि पुढचे पार्ट नव्हतेच. मी विचारलं तर म्हणाले, "असू दे, जास्त झालं तर बिघडत नाही." मापाच्या बाबतीत बिघडत नाही म्हणणारा हा माणूस नव्हे.

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. शेवटी म्हणाले, रोजचं काम जेवढे दिवस चालू ठेवता येईल तेवढे ठेवा. तेवढंच मी पदराला बांधून घेतलं. काम म्हणजे ती खिडकीजवळची खुर्ची. सकाळी अंघोळ करून, शर्टाची वरची गुंडी लावून हे त्या खुर्चीत बसले की ते हेच असायचे. दुपारी उठले की कुणी दुसरेच.

मी शिकायचं ठरवलं ते त्या खुर्चीपायी. मी निफाडकडच्या खेड्यातली, दहावी झाली नि लग्न झालं. ब्लाऊज शिवायची, पिको-फॉल करायची. कॉम्प्युटरवर आधी मी फक्त नातेवाइकांचे फोटो बघायची. पण हाताने एकेक पान बनवायला घेतलं तर माझ्याकडून चुका लय व्हायच्या, आणि पानं तर ढिगानं. मग मोबाईलवर हिंदीतले व्हिडिओ बघत बघत पायथन शिकले. भाजी निवडता निवडता ऐकायची. सापाचं नाव कशाला ठेवलंय त्या भाषेला, देव जाणे. पण भाषा गरीब आहे हो. सांगितलं तेवढं करते. ओळ थोडी आत घ्यायची राहिली की रुसते, पण का रुसली ते तरी सांगते, माणसांसारखं नाही.

तर माझा प्रोग्राम मालकानं पाठवलेली रीडिंगं घ्यायचा, एकेक पान मांडायचा, रेघा मारायचा, मथळे लिहायचा. भली थोरली फाईल तयार व्हायची, लॅपटॉपचा पंखा असा घरघरायचा की वाटायचं, आता पीठच पडणार खाली. पण पहिल्यांदा मी तिला नुसतं मॅक्रोवालं शेपूट लावलं आणि एक्सेलनं ती उघडायलाच नकार दिला. बरोबरच आहे, आत विरजण नाही आणि वर दह्याची चिठ्ठी! मग गाठोडं सोडायचं शिकले, ह्यांच्या जुन्या फाईलमधून ती बारकी फाईल काढली, माझ्या प्रोग्रामला सांगितलं की ही आत ठेव आणि पहिल्या पानावर बटण काढून त्या मॅक्रोला जोड. ज्या दिवशी बटण दाबलं आणि पानापानांवर लाल टिकल्या उमटायला लागल्या, त्या दिवशी मी एकटीच स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग शिरा केला.

मालकाला काही बोलले नाही. फाईल मी बनवायची, सकाळी ह्यांच्यासमोर ठेवायची. "अहो, रिपोर्ट तयार आहे, तपासता ना?" हे पानं चाळायचे, मान हलवायचे, बटण दाबायचे, लाल झालेलं बघायचे आणि म्हणायचे, "पाठव." मी पाठवायची. मालकाचा फोन यायचा, काका तोड नाही. आमचं असं बरं चाललं होतं. बरं म्हणजे काय, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यावर चालते तसं.

मग कंपनीनं फॉर्म बदलला. फार नाही, एक कॉलम वाढवला. पार्ट कुठल्या डायमधून, म्हणजे साच्यातून निघाला ते लिहायचं, अनुक्रमांकाच्या लगेच पुढं. मालकानं सांगितलं, "काकू, काकांना सांगा, एवढंच आहे, एक कॉलम. पुढच्या लॉटला नव्या फॉर्मातच पाहिजे म्हणतात, नाही तर माल गेटवर अडवतील."

माझ्या प्रोग्रामात कॉलम वाढवणं म्हणजे चहा गाळण्याइतकं सोपं. वाढवला. पण कॉलम वाढला की पुढचं सगळं एकेक घर सरकतं, आणि मॅक्रो तर जुन्या घरात जाऊनच शोधणार. म्हणजे विरजणात हात घालावा लागणार. तो मी कधी घातला नव्हता.

पण मी घाबरले नाही, त्याला कारण होतं. आजार नुकता कळला होता, तेव्हा ह्यांनी काही दिवस कुणाला न सांगता एक काम केलं होतं. मॅक्रोची एकेक ओळ घेऊन तिच्या वर मराठीत लिहून ठेवलं होतं की ही ओळ काय करते, का करते, बदलायची तर कशी बदलायची. ओळीच्या सुरुवातीला टिंबासारखी एक खूण केली की मॅक्रो ती ओळ सोडून देते, ती माणसानं वाचायची असते. मला म्हणाले होते, "तुझ्यासाठी लिहितोय गं. मी नसलो डोक्यानं, तरी तिथं असेन." मी तेव्हा म्हटलं होतं, असं अभद्र बोलू नका. आणि मनात म्हटलं होतं, बरं झालं.

कोडची खिडकी उघडली. ह्यांच्या ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीच्या वर खूण होती, आणि खुणेपुढे प्रश्नचिन्हं. नुसती प्रश्नचिन्हं. तीन प्रश्नचिन्हं, मोकळी जागा, पाच प्रश्नचिन्हं, मोकळी जागा, मधेच इंग्रजीत लिहिलेला एखादा शब्द तेवढा धड, पुन्हा प्रश्नचिन्हं. खाली जात राहिले. शेवटपर्यंत तेच.

काय झालं होतं ते मी नंतर स्वतः करून बघितलं तेव्हा समजलं. त्या कोडच्या खिडकीत अक्षर बारीक दिसतं म्हणून ह्यांना सगळं नोटपॅडमध्ये लिहून मग आत घ्यायची सवय. तिथं फाईल जुन्या पद्धतीनं सेव्ह करायची, तरच मॅक्रो ती घेते. इंग्रजी असेपर्यंत काही अडत नव्हतं. पण जुन्या पद्धतीत मराठी मावतच नाही. नोटपॅड तसं विचारतं, एक मोठी इंग्रजी चौकट येते की बाबा, अक्षरं जातील, चालेल का? ह्यांनी ओके दाबलं असणार. जन्मभर चौकट आली की ओके दाबणारा माणूस. आणि वाईट असं की सेव्ह झाल्यावरही समोर मराठी तशीच दिसत राहते. बंद करून पुन्हा उघडलं तरच कळतं. ह्यांनी ती तशीच मॅक्रोत घेऊन समाधानानं बंद केलं असणार. आणि पुन्हा उघडलं नाही.

आणि हे सगळं त्या माणसाकडून, जो पास केलेला तुकडासुद्धा डब्यात टाकायच्या आधी एकदा पालथा करून बघायचा.

मी ती प्रश्नचिन्हं मोजून मोजून शब्द बसवायचा प्रयत्न केला, अगदी शब्दकोड्यासारखा. काना, मात्रा, सगळ्याला वेगळं चिन्ह पडतं. तीनचं असेल तर 'लॉट' असेल. पण 'इथे'पण तीनच, 'काम'पण तीनच. एका ओळीच्या शेवटी चार चिन्हं नि उद्गारचिन्ह होतं. ह्यांनी कुठल्या गोष्टीला इतकं ठासून लिहिलं असेल? 'नाही' असेल? माझ्यासाठीच लिहिलेलं, आणि मला एवढंच कळलं की ठासून लिहिलंय.

सकाळी ह्यांना खुर्चीत बसवलं आणि कोड दाखवला. "अहो, हे बघा ना. एक कॉलम वाढवायचाय. कुठं बदलू?"

चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे कुणी लिहिलं?"

"तुम्ही."

"छे. गाढव दिसतोय कुणीतरी. व्हेरिएबलला नावं बघ काय दिलीत. के, केके, केकेके."

मला हसू आलं, आणि हे पण हसले. मला वाटलं, हसले म्हणजे आहेत अजून आत कुठंतरी. मी खुर्ची जवळ घेतली. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. ती ओळ तर मला फुकटची वाटत होती, रिकाम्या घरात जाऊन परत येणारी.

"ही काढू नकोस."

"का हो?"

"नको म्हणतोय ना."

"पण ती काय करते?"

माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच सांगायचं होतं. मग म्हणाले, "जेवायला काय आहे?"

पुढचे दिवस मी त्या कोडशी झटत होते. कोडात चारचा आकडा आला की तो चौथा कॉलम की चौथी ओळ की चार तुकडे, काही कळायचं नाही. एक ठिकाणी बदलला तर अख्खं पान लाल झालं, देवीच्या ओटीसारखं. दुसऱ्या ठिकाणी बदलला तर सगळं पांढरं. ह्यांनी बोट ठेवलेली ओळ काढून बघितली, ठेवून बघितली. काढली तरी तेच, ठेवली तरी तेच. शेवटी ठेवली.

एकदा वाटलं, जमलं. लाल टिकल्या अगदी शहाण्यासारख्या इथं एक, तिथं एक पडल्या. मी देवाला साखर ठेवली. मग ह्यांच्या सवयीनं, म्हणजे ती सवय आता माझ्याकडंच राहिली होती ना, एक पान हातानं पडताळलं. चांगली मापं लाल झाली होती ते एक वेळ चाललं असतं, माणूस पुन्हा मोजेल. पण जी मापं लाल व्हायला पाहिजे होती ती पांढरी होती. ते पार्ट गाडीच्या ब्रेकजवळ बसतात. त्या गाडीत कुणीतरी पोरंबाळं घेऊन बसणार. अशी फाईल ह्यांच्या नावानं पाठवू? नाही पाठवली.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं. मालकसुद्धा म्हणत होता, "काकांना त्रास होत असेल तर सांगा, अंबडमध्येच एक जण आहे, दोन दिवसांत नवी मॅक्रो लिहून देईल." मला माहीत होतं की देईल. पण मग बटण त्याचं झालं. मग काका कशाला? मग ती खुर्ची कशाला? मी म्हटलं, "नको नको, काका करतायत, होतंच आलंय." पुढच्या फोनला तेच म्हटलं. त्याच्या पुढच्या फोनलाही.

शेवटी मालक स्वतःच आला. हातात द्राक्षांची पेटी, चेहऱ्यावर काळजी. हे खुर्चीतच होते. त्यानं वाकून नमस्कार केला, "काका, कसे आहात?" ह्यांनी त्याला हात जोडले आणि म्हणाले, "बसा. माल कुठला आणलात?" त्यानं माझ्याकडे बघितलं. मी द्राक्षं धुवायला आत गेले. नळ सोडून उभी राहिले.

तो मागोमाग दारात आला. "काकू, कधीपासून?"

मी सांगितलं.

"मग फाइली कोण करत होतं?"

"फाइली मी. बटण ह्यांचं."

त्यानं पुढं होऊन नळ बंद केला. भला मुलगा आहे. मग हळूच म्हणाला, "मी तेच सांगायला आलो होतो. कंपनीनं आता पोर्टल आणलंय. रीडिंगं थेट त्यात भरायची. एक्सेल घेणारच नाहीत इथून पुढं. तुम्ही उगाच जीव नका काढू."

म्हणजे मी जमवलं असतं तरी. म्हणजे ती प्रश्नचिन्हं मराठी राहिली असती तरी. मी द्राक्षं ताटलीत काढली, त्याला दिली, ह्यांना दिली. ह्यांनी एकेक मणी उजेडाकडे धरून बघितला आणि मगच खाल्ला. जाताना तो म्हणाला, "काका, तुमच्या बटणाला तोड नाही." हे म्हणाले, "कसलं बटण?"

त्यानंतरही एकदा मी फाईल बनवली. जुनीच रीडिंगं घेतली, नवा कॉलम घातलेला, मॅक्रो माझ्या हातून बिघडलेली होती तशीच. कुणाला पाठवायची नव्हती. सकाळ झाली होती, शर्टाची वरची गुंडी मी लावून दिली होती, आणि खुर्चीत बसवल्यावर समोर काहीतरी नको का? म्हटलं, "अहो, रिपोर्ट तयार आहे, तपासता ना?"

पानं चाळली. बराच वेळ चाळली. मग वळून माझ्याकडे बघितलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "ताई, हे तुम्ही केलंत?"

चाळीसच्या वर वर्षं मी 'अगं' ऐकत आले. ताई म्हणून हाक मारायचे ते बँकेतल्या बाईला.

मी म्हटलं, "हो."

"छान केलंय. रेघा सरळ आहेत. आणि हे बटण?"

"ते आमच्या ह्यांनी केलंय."

"असं का." त्यांनी बटण दाबलं. पंखा घरघरला, पानावर टिकल्या उमटल्या. हे पुढं वाकले, मायक्रोमीटरवर वाकायचे तसे, एक डोळा बारीक करून. मग मान हलवली.

"चुकलंय."

"काय चुकलं?"

"माप खोटं दाखवतंय. कॉलम सरकलाय कुठंतरी. सांगा त्यांना."

मी त्यांच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला. "कुठं सरकलाय? कुठल्या ओळीत बदलायचं? मला सांगा ना, मी करते."

त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला, परक्या बाईचा करावा तसा, आणि धीर देत म्हणाले, "तुम्ही नका काळजी करू, ताई. त्यांना सांगा, त्यांना बरोबर कळेल."